रुमालाखाली

सकाळी सहाला मार्केट यार्डात, हमालांच्या खोलीत
मी टेबल मांडते:
बर्फाची पेटी, स्पिरिट, जांभळ्या टोपणाच्या नळ्या.
बाहेर हळदीच्या थप्प्या, आणि हवेत ती पूड
जी सांगलीतल्या नाकाला आता कळतच नाही.
सगळे उपाशीपोटी आलेत.
चहासुद्धा नाही म्हटल्यावर
एक छोटं भांडण होऊन गेलंय.

आण्णाप्पा हारगे, वय अठ्ठावन्न.
दंडाला पट्टा बांधायची गरजच नाही.
वीस वर्षं मिरजेत मी शिरा शोधल्या,
गुबगुबीत हातांत, तापलेल्या लेकरांच्या मुठींत;
इथे शीर आपणहून उठून बसलीय,
काढणीसारखी.
सुई जाते. पाठीवर साठ किलो घेऊन
फळीवरून चढणारा माणूस
पाच मिलिलिटरसाठी डोळे मिटतो.

मग सायकल. तोंडाला मास्क, छातीवर वायरी.
दर दोन मिनिटांनी पायडल जड होतं.
"नसीमा, ही जातीया कुठं?"
कुठंच नाही, आण्णा. दमेपर्यंत मारायची.
"दमायला सायकल कशाला लागतीया?"
मास्कमध्ये हसू अडकतं, काच धुरकटते,
नवव्या मिनिटाला तो हात वर करतो.

शीतल चौगुले, अडत्या, घड्याळात पावलं मोजणारे,
तेराव्या मिनिटापर्यंत गेले.
यावर यार्डात आठवडाभर बोलणं चाललं.
कुणी म्हणालं, यंत्रच शेठजींचं.
आण्णाप्पा म्हणाला,
"त्यास्नी पळायला येळ हाय, मला वझं हाय."
डॉक्टरांनी मान डोलावली,
पण वहीत लिहिलं ते मिनिटंच.

दहा मिनिटं नळ्या गरगरतात.
लाल खाली बसतं, वर उरतं पिवळं.
शेठजी एक नळी उजेडाला धरतात, हाताच्या सवयीनं:
"ही राजापुरी. ही सेलम. आणि ही...
हिच्यात भेसळ आहे काय हो?"
ती ताकासारखी गढूळ होती.
मी काढून घेतली. नंबर झाकला.

या पिवळ्यात म्हणे शेकडो रेणू असतात.
काल रात्रीची भाकरी आणि दहा वर्षांनंतरची कळ
एकाच थेंबात मांडीला मांडी लावून.
कुणाचा दम किती, ते काही अमिनो आम्लं
न विचारता सांगतात;
आणि सिरामाइड नावाची एक चरबी आहे,
भावकीतल्या बाईसारखी:
छाती जे घरात सांगत नाही
ते तिला आधी ठाऊक.

तीन महिन्यांनी पुण्याहून कागद आले.
त्यांवर फक्त नंबर. नावं माझ्या वहीत.
आणि सक्त ताकीद: सांगायचं ते डॉक्टर सांगतील,
गुरुवारी, दोन ते चार.

मी बुधवारीच गेले, पेटी परत आणायला.
आण्णाप्पा काट्याजवळ बसला होता.
माझ्या तोंडाकडे बघितलं,
मी पेटीचा पट्टा सारखा करायला लागले.
"आलं न्हवं काय?"
उद्या या दवाखान्यात, आण्णा.
त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला.
"सगळ्यांम्होरं नगं. हात आण, लेकी."

पूर्वी भाव असे ठरायचे,
रुमालाखाली, बोटं धरून.
आता बोली उघड लागते, मोबाइलवर दिसते,
पण त्याच्या बापाची बोटं त्याच्या बोटांत असणार.
तळवा कोरडा, घट्ट्यांचा, गरम.
मला ही भाषा येत नाही.
बोलायचं नाही, एवढं मी पाळलं.
त्याची दोन बोटं धरली
आणि दाबली, थोडा वेळ.

दोन म्हणजे काय, त्यानं विचारलं नाही.
मला तरी कुठं ठाऊक होतं.
तो जमिनीकडे बघत राहिला,
माल चांगला आहे हे जाणणाऱ्यासारखा,
मान हलवली, नाही म्हणून,
आणि माझी चार बोटं आवळली.

काट्यावर कुणीतरी पोतं टाकलं.
आम्ही अजून हात सोडले नव्हते.